निरर्थक शब्द आणि कोसबाडची टेकडी

सफाळ्याहून रेल्वेने उत्तरेकडे निघाले की पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड ही स्थानके ओलांडून घोलवड येते. तेथून जवळचे बोर्डी गाव आणि कोसबाडची टेकडी यांना आपल्या शिक्षणाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. तेथील कामाचे मर्म नीट कळावे म्हणून आधी एका जर्मन संशोधकाचा प्रयोग पाहू.

हेरमान एबिंगहाउस यांनी स्मरणावरील आपले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले होते. सुमारे २३०० निरर्थक अक्षरजुळण्या तयार करून, त्यांच्या याद्या पाठ करून, किती काळाने किती विसरते हे त्यांनी मोजले. विस्मरण सुरुवातीला फार वेगाने होते व पुढे मंदावते, असे त्यांना आढळले. आणखी दोन निष्कर्ष शिक्षकांच्या कामाचे आहेत. बारा जुळण्यांची यादी सलग ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनीही साधले. आणि अर्थपूर्ण कविता पाठ करायला निरर्थक जुळण्यांच्या मानाने सुमारे एक दशांश श्रम पुरले.

वर्गात निरर्थक शब्द कोण शिकवतो, असे आपल्याला वाटेल. पण घरी वारली बोलणाऱ्या मुलापुढे प्रमाण मराठीतला, त्याने कधी न पाहिलेल्या वस्तूंचा धडा आला, तर त्याच्या लेखी ते शब्द निरर्थकच नाहीत का? तो धडा त्याच्या लक्षात राहत नाही आणि आपण मात्र त्याला 'मठ्ठ' ठरवून मोकळे होतो.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे हे काम कोसबाडला गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, म्हणून त्यांच्या जागी बिया, पाने, खडे, शिंपले आले. स्मरणाचा सिद्धान्त पडताळण्याचा त्यांचा हेतू नव्हता. पण नवा शब्द, नवी संख्या मुलाच्या ओळखीच्या वस्तूशी जोडली गेली, म्हणजेच तिला अर्थ मिळाला. 'अंगणवाडी' हा शब्द तर १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला.

अर्थ कळला म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातील सहावीच्या ३६०५ विद्यार्थ्यांवर हर्बर्ट स्पिट्झर यांनी केलेला प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. मजकूर वाचल्यावर लगेच ज्यांची चाचणी घेतली, त्यांच्या तो पुढे अधिक लक्षात राहिला. आठवण्याचा प्रयत्न हाच स्मरण पक्के करतो, हे नंतरच्या संशोधनातही वारंवार दिसले आहे.

सफाळ्याच्या वर्गात यासाठी खर्च काहीच नाही. 'भागाकार' शिकवताना आधी मासळीचे वाटे घालायला लावा. तास संपताना पुस्तक मिटून मुलांना आठवेल ते सांगू द्या. तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने विचारा. गुण देऊ नका. मोठ्या विद्यार्थ्यांनीही परीक्षेच्या आदल्या रात्री पाच तास घोकण्यापेक्षा पाच दिवस एकेक तास द्यावा, आणि त्यातला काही वेळ वही मिटलेली ठेवावी.