मराठी शब्दसंस्कारक फाईली : ओळख व वाचन

शब्दसंस्कारक (वर्ड प्रोसेसर) आज्ञावलीने लिहिलेला मजकूर संगणकात अंकांच्या रूपाने साठविला जातो. साठवणीची पद्धत आज्ञावलीगणिक बदलते. त्यामुळे मूळ आज्ञावली उपलब्ध नसल्यास फाईल उघडणे कठीण होते. मराठी फाईलींच्या बाबतीत फाईलची बांधणी आणि अक्षरांची संकेतप्रणाली या दोन गोष्टी स्वतंत्रपणे ओळखाव्या लागतात.

बांधणीची ओळख फाईलच्या नावावरून नव्हे, तर प्रारंभीच्या बाइटांवरून करणे अधिक विश्वसनीय होय. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या १९९७–२००३ या काळातील आवृत्त्यांच्या फाईली २०८, २०७, १७, २२४ या अंकांनी सुरू होतात. २००७ पासूनच्या ‘डॉक्स’ फाईली वस्तुतः झिप संपुटे असून त्यांच्या आरंभी ८०, ७५ हे अंक असतात. वर्डस्टार (१९७८) या आज्ञावलीच्या दस्तऐवजांत शब्दातील शेवटच्या अक्षराच्या अंकात १२८ मिळविलेले आढळतात.

संकेतप्रणालीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’ (स्थापना १९८८) या संस्थेने त्याचा प्रसार केला. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. बीड जिल्ह्यातील धारूर या किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नाव इस्कीत १९७, २१८, २०७, २२२, २०७ असे पाच बाइटांत साठते. याच सुमारास आलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात त्यास पंधरा बाइट लागतात व प्रत्येक वर्ण २२४ या अंकाने सुरू होतो.

तथापि मुद्रण व्यवसायात व कार्यालयांत श्रीलिपी, आकृती यांसारख्या आज्ञावल्या आणि सी-डॅकचे ‘सुरेख’, ‘योगेश’ इत्यादी फाँट रूढ झाले. त्यांत वर्णाऐवजी त्याच्या आकाराचे तुकडे साठविले जातात. उदा., ‘ध’ हा अर्धा ध व दंड अशा दोन तुकड्यांनी, तर ‘रू’ हा एकाच तुकड्याने दर्शविला जाऊ शकतो. ऱ्हस्व वेलांटी दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी नोंदली जाते. फाँट नसल्यास असा मजकूर रोमन चिन्हांच्या अर्थशून्य ओळींसारखा दिसतो. परिवर्तकाला तुकडे जोडून वेलांटी व रफार योग्य क्रमाने बसवावे लागतात. एकाच निर्मात्याच्या निरनिराळ्या फाँटांचे तक्तेही भिन्न असू शकतात.

वाचनाची रीत सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते : मूळ फाईलची प्रत करावी, प्रारंभीचे बाइट तपासावेत, मजकुरासोबत नोंदलेले फाँटचे नाव शोधावे, अनुरूप तक्त्याने युनिकोडमध्ये परिवर्तन करावे व छापील प्रत असल्यास तिच्याशी ताडून पाहावे. लिबरऑफिससारख्या मुक्त आज्ञावल्या अनेक जुन्या बांधण्या उघडतात, पण फाँटसंकेताचा उलगडा त्यामुळे आपोआप होत नाही.

मोडी दप्तरातील अक्षर कागदावर दिसते, म्हणून लिपी शिकणारा ते वाचू शकतो. फाईलीत अक्षर नसते, केवळ अंक असतात, आणि अंक व अक्षर यांची सांगड घालणारा तक्ता नष्ट झाल्यास दोन-तीन दशकांपूर्वीचा मजकूर शतकांपूर्वीच्या कागदाहून दुर्बोध ठरतो. म्हणून जुन्या मराठी फाईलींबरोबर त्यांचे फाँटही जतन करणे अगत्याचे ठरते.