टपालाने दिलेले मत

निवडणूक जवळ आली की मत कोणाला द्यावे यावर चर्चा रंगतात. मत कोठे बसून द्यावे, ही बाब मात्र किरकोळ समजली जाते. कामगार चळवळीत उमेद घालविलेल्या माणसाला ती तशी वाटत नाही. सभेत हात वर करावयाचा असला की अनेकांचे डोळे आधी मुकादमाकडे वळतात. त्याच माणसांना आडोशाला नेऊन हाती चिठ्ठी दिली, तर निकाल निराळा लागू शकतो. गरिबाच्या मताला आडोसा लागतो. आणि टपाली मतदानाचा इतिहास म्हणजे हा आडोसा सोडून मत घरोघर कसे गेले आणि त्यासाठी काय किंमत मोजावी लागली, याचा इतिहास होय. इंग्लंडच्या अनुभवात तो स्वच्छ दिसतो, म्हणून तेथील हकीकत मांडतो.

इंग्लंडात १८७२ पर्यंत मतदान उघड असे. मतदार चारचौघांदेखत उमेदवाराचे नाव सांगे. ऐकणाऱ्यांत जमीनदाराचा कारभारी असे, गिरणीमालकाचा माणूसही असे. मत चुकले तर शेत किंवा काम जाण्याची भीती. १८३८ च्या चार्टिस्ट सनदेतील सहा मागण्यांपैकी गुप्त मतदान ही एक होती. ती पदरात पडावयास चौतीस वर्षे लागली. १८७२ च्या ऑगस्टमध्ये पाँटिफ्रॅक्ट येथे पार्लमेंटची पहिली गुप्त पोटनिवडणूक झाली. गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीवर लाखेची मोहोर उठविली ती त्या वड्यांच्या शिक्क्यानेच.

परंतु मतदानकेंद्रापर्यंत जो पोहोचूच शकत नाही त्याने काय करावे? हा प्रश्न पहिल्या महायुद्धाने ऐरणीवर आणला. १९१८ च्या कायद्याने सैनिकांना टपालाने किंवा प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय झाली. त्या वर्षी मतदान १४ डिसेंबरला झाले. सैनिकांची मते पोहोचावीत म्हणून मोजणी २८ डिसेंबरला ठेवली. १९४५ साली ५ जुलैच्या मतदानाची मोजणी याच कारणास्तव २६ जुलैला झाली. दूरच्या शिपायाच्या कागदासाठी सारा देश तीन आठवडे थांबला!

यानंतर अ‍ॅटली यांच्या मजूर सरकारने १९४८ च्या कायद्याने हे दार सामान्य नागरिकांसाठी रुंद केले. आजारी, अपंग आणि कामाच्या स्वरूपामुळे केंद्रावर येऊ न शकणारे, अशांना कारण दाखवून टपाली मत मागता येऊ लागले. पुढचा भाग आम्हा संघटनेवाल्यांनी नीट ध्यानात घ्यावा असा आहे. अर्ज आपोआप भरला जात नाही. कोणीतरी दारी जाऊन मुदत सांगावी लागते, फॉर्म द्यावा लागतो. हे काम हुजूर पक्षाच्या यंत्रणेने अधिक नेटाने केले, असे तेव्हा सर्वत्र मानले गेले. १९५० साली मजूर पक्षाचे बहुमत अवघ्या पाचावर आले. कायदा एकाने केला, त्याचा उपयोग दुसऱ्याने अधिक केला. हक्क पुस्तकात असणे निराळे आणि हातात असणे निराळे.

कारण दाखविण्याची ही अट २००० च्या कायद्याने इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये गेली. उत्तर आयर्लंडमध्ये ती आजही आहे. मागेल त्याला टपाली मत मिळू लागले. नगरपालिकेच्या प्रभागात पाचपंचवीस मतांनी निकाल फिरतो; तेथे याचा मोह केवढा! १० जून २००४ च्या बर्मिंगहॅमच्या स्थानिक निवडणुकीत अ‍ॅस्टन आणि बोर्डेस्ली ग्रीन या दोन प्रभागांत खोटे अर्ज झाले, मतपत्रिका भलत्याच हाती गेल्या. एप्रिल २००५ मध्ये निवडणूक न्यायालयाचे रिचर्ड मॉरी यांनी दोन्ही निवडणुका रद्द केल्या. निवडून आलेले उमेदवार मजूर पक्षाचे होते. आपल्या बाजूचे म्हणून ही गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्या गरिबांचे नाव आपण घेतो, त्यांचीच मते तेथे चोरीस गेली.

पुढे बंदोबस्त आला. २००६ च्या कायद्यानंतर अर्जावरील सही व जन्मतारीख मतासोबतच्या निवेदनाशी ताडून पाहू लागले. आज इंग्लंडात स्थानिक निवडणुकीसाठी रीत अशी आहे: आधी मतदारयादीत नाव हवे; मतदानापूर्वी अकरा कामाचे दिवस शिल्लक असताना, सायंकाळी पाचपर्यंत अर्ज पोहोचावयास हवा. मतपत्रिका एका पाकिटात, सही-तारखेचे निवेदन तिच्याबाहेर. सारे मतदानाच्या रात्री दहाच्या आत पोहोचले पाहिजे. २०२२ च्या कायद्याने तीन वर्षांनी नवा अर्ज आवश्यक केला आणि प्रचारकांनी इतरांची टपाली मते हाताळणे गुन्हा ठरविले. तेथे रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही राष्ट्रकुलाच्या नात्याने हे मत आहे. तेथील मराठी कुटुंबांनी ते वाया घालवू नये.

मात्र सही ताडणारा कारकून स्वयंपाकघरात डोकावू शकत नाही. टेबलावर मतपत्रिका पडली आहे आणि शेजारी सासरा, नवरा किंवा घरमालक उभा आहे, तर त्या बाईची खूण कोणाची समजावी? १८७२ साली जो डोळा मतावरून हटविला, तो येथे मागील दाराने परत येतो.

आता आपल्याकडे पाहू. लोकसभा-विधानसभेसाठी टपाली मत मुख्यतः सैनिकांना, निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांना आणि प्रतिबंधक स्थानबद्धांना आहे. पंच्याऐंशीच्या पुढचे वृद्ध आणि चाळीस टक्क्यांहून कमी नसलेले अपंग यांना मागणी केल्यास घरी मत देता येते. तेथे अधिकारी स्वतः मतपत्रिका घेऊन येतात आणि गुप्तता राखून मत घेतात. म्हणजे आडोसाच घरी येतो. ही सूझ मोलाची आहे. पण दिवाळीच्या सुमारास बीडहून कोयता घेऊन निघालेला ऊसतोडणी कामगार फडात असताना गावी निवडणूक लागली, तर त्याला अशी सोय नाही. मत द्यावयाचे तर रोज बुडवून गावी जावे, नाहीतर कोणीतरी पाठविलेल्या गाडीत बसावे. आणि गाडी पाठविणारा मत फुकट सोडत नाही.

या माणसासाठी आपण सोय मागितली पाहिजे, आणि मागताना दोन्ही गोष्टी एकदम मागितल्या पाहिजेत: मत फडापर्यंत यावे, आणि खूण करताना मुकादमाची सावली कागदावर पडू नये. पहिली मिळवून दुसरी सोडली, तर आपण कामगाराच्या हाती मत देऊन त्याच्या मालकाच्या हाती पेन दिल्यासारखे होईल.