दूरस्थ प्रोसीजर कॉल : एका गृहीतकाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

एका संगणकावरील प्रोग्रामला दुसऱ्या संगणकाकडून काम करून घ्यावयाचे असल्यास ते त्याने कसे मागावे, हा प्रश्न संगणकांच्या जाळ्याबरोबरच जन्मास आला. दूरस्थ प्रोसीजर कॉल, म्हणजेच आरपीसी, हे त्या प्रश्नाचे दीर्घकाळ टिकून राहिलेले उत्तर होय. प्रोग्राममधील ठरावीक काम करणाऱ्या सूचनासंचास प्रोसीजर म्हणतात. दूरच्या संगणकावरील प्रोसीजरही, जणू ती आपल्याच प्रोग्राममध्ये आहे अशा सहजतेने, नुसते नाव घेऊन वापरता यावी, हे या तंत्रामागील गृहीतक. या गृहीतकाने प्रोग्रामरचे श्रम वाचविले. परंतु जाळ्यातील बिघाड त्याच्या दृष्टीआड केला. प्रस्तुत लेखात या गृहीतकाच्या वाटचालीचा विचार केला आहे.

उगम व रचना :

जेम्स व्हाइट यांनी १९७६ मध्ये 'आरएफसी ७०७' या दस्तऐवजात अर्पानेटसाठी ही कल्पना मांडली. स्थानिक कॉल स्वस्त असतो, दूरस्थ कॉल तसा नसतो, हा इशाराही त्यांनी तेथेच दिला होता. पुढे ब्रूस नेल्सन यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्रबंधात या विषयाची सविस्तर मांडणी केली. अँड्र्यू बिरेल व नेल्सन यांचा १९८४ चा शोधनिबंध झेरॉक्स पार्क येथील प्रत्यक्ष प्रणालीवर आधारलेला होता.

त्यांच्या रचनेत क्लायंटजवळ एक आणि सर्व्हरजवळ एक असे दोन 'स्टब' असत. क्लायंटचा स्टब मागणीतील माहिती संदेशात बांधून पाठवी. सर्व्हरचा स्टब ती उलगडून प्रोसीजर चालवी व उत्तर परत धाडी. हे स्टब हाताने न लिहिता सेवेच्या वर्णनावरून आपोआप तयार होत. क्लायंट-सर्व्हर प्रोग्राम उभारण्याची ही पद्धत आजही मूलतः कायम आहे.

या प्रणालीतील एक निर्णय विशेष लक्षणीय आहे. सर्व्हर-संगणक व जाळे सुरू असेपर्यंत कॉलला कोणतीही वेळमर्यादा नव्हती. स्थानिक प्रोसीजरला वेळमर्यादा नसते, म्हणून दूरस्थ प्रोसीजरलाही ती नको, असा त्यामागील विचार होता.

व्यवहारातील कसोटी :

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यास आपली नेटवर्क फाइल सिस्टिम आरपीसीवर उभारली. दूरची फाइल जवळच्या फाइलसारखी भासावी, हा तिचा हेतू. मात्र सर्व्हर बंद पडल्यावर काय करावयाचे, याचे दोनच मार्ग होते. 'हार्ड माउंट' मध्ये सर्व्हर परत येईपर्यंत क्लायंट खोळंबून राही. 'सॉफ्ट माउंट' मध्ये ज्या चुकीची प्रोग्रामला अपेक्षाच नव्हती, ती त्याच्या हाती येई. पडदा कायम ठेवावा तर काम थांबते, दूर सारावा तर प्रोग्राम गोंधळतो, असा हा पेच होता.

टीका व पुनर्विचार :

अँड्र्यू टॅनेनबॉम व रॉबर्ट फान रेनेस यांनी १९८८ मध्ये या प्रतिमानावर टीका केली. १९९४ मध्ये जिम वाल्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सनच्याच प्रयोगशाळेतून स्थानिक व दूरस्थ कॉलमधील चार भेद स्पष्ट केले : विलंब, स्मृतीचा वापर, अंशतः बिघाड आणि समकालिकता. यांपैकी अंशतः बिघाडाचे गांभीर्य उदाहरणाने कळेल. खात्यातून रक्कम वजा करण्याचा संदेश गेला, पण उत्तर आले नाही. संदेश वाटेत हरवला की काम होऊन उत्तर हरवले, हे क्लायंटला कळू शकत नाही. पुन्हा मागणी करावी तर रक्कम दोनदा वजा होण्याची भीती. न करावी तर व्यवहार अपुरा राहण्याची.

गुगलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या 'जीआरपीसी' या चौकटीत हा पुनर्विचार दिसून येतो. तिच्यात सेवेचे वर्णन व स्टब जुन्याच परंपरेतील आहेत. परंतु उत्तराची किती काळ वाट पाहावयाची, हे क्लायंट कॉलबरोबरच सांगू शकतो, आणि मुदत टळल्यास त्यासाठी स्वतंत्र स्थितिसंकेत मिळतो. सर्व्हरच्या लेखी यशस्वी झालेला कॉल क्लायंटच्या लेखी अयशस्वी ठरू शकतो, हेही तिने उघडपणे मान्य केले आहे. तथापि प्रोग्रामरने मुदत घातली नाही, तर ती आपोआप लागू होत नाही. जुन्या गृहीतकाचा अंश येथे शिल्लक आहे.

निष्कर्ष :

आरपीसीच्या चार दशकांच्या वाटचालीत स्टबची कल्पना टिकली, अंतर नाहीसे करण्याचा आग्रह मात्र मागे पडला. संदेशाची बांधणी यंत्रावर सोपविता येते; उत्तर न आल्यास काय करावयाचे, हा निर्णय सोपविता येत नाही. तो मुदत ठरवून, तसेच पुनरावृत्तीने हानी होणार नाही अशी प्रोसीजर रचून, प्रोग्रामरलाच घ्यावा लागतो. व्हाइट यांनी १९७६ मध्ये दिलेल्या इशाऱ्याचे मोल यावरून ध्यानी येते.