पाण्यातले केस

बर्फ सहा फूट जाड आहे आणि त्याला पाडलेलं हे भोक हिवाळाभर एकदाही गोठू द्यायचं नाही. म्हणून तुमच्या हातात पहार आहे. पापण्यांवर हिम साचलंय. 1920 सालचा हिवाळा. कॅनडातल्या हडसन उपसागराचा पूर्व किनारा, गाव इनुकजुआक. गोरे व्यापारी त्याला पोर्ट हॅरिसन म्हणतात. पाणी उपसायचं, पिंपं भरायची, घसरगाडीवर चढवायची, पुढे दहा कुत्री जुंपायची आणि झोपडी गाठायची. एवढा खटाटोप करून आणलेलं हे पाणी पिण्यासाठी नाही. फिल्म धुवायला हवंय.

झोपडीत सगळे पिंपांभोवती वाकतात. पाण्यात बर्फाचे खडे आहेत आणि केस आहेत. अंगातल्या हरणाच्या कातडी अंगरख्यांतून गळलेले. ते एकेक करून वेचायचे. एक पांढुरका केस तुमच्या बोटाला चिकटतो, झटकला की परत पाण्यात. पुन्हा चिमटीत धरता. राहून गेला तर उद्या चित्रात कुणाच्या तरी तोंडावर ओरखडा होऊन बसेल.

भिंतीत फिल्मच्या एका चौकटीएवढी फट ठेवलेली आहे. प्रिंट काढायला तिथून येणारा दिवसाचा उजेड वापरायचा. जास्त वाटला तर मलमलीचा पदर वाढवायचा. शेजारच्या खोलीत फिल्म वाळवायला शेगडी लागते. जळण संपलं तेव्हा किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड इथल्या इनुइट लोकांनीच शोधून आणलं.

हा चित्रपट काढणारा रॉबर्ट फ्लाहर्टी सगळीकडे आहे. आधी काढलेल्या चित्रीकरणावर त्याच्याच सिगरेटची ठिणगी पडून ते जळालं. आता फरचा व्यापार करणाऱ्या रेव्हियाँ फ्रेर या कंपनीचे पैसे घेऊन तो परत आलाय. काढलेलं चित्र तो याच लोकांना दाखवतो. आज रात्री वॉलरसची शिकार आहे. झोपडी गच्च भरलीय. चादरीवर जनावर दोरीला हिसके देतं आणि तुमच्यासकट सगळे ओरडायला लागतात, धर, सोडू नको!

पण त्या शिकारीच्या दिवशी तुम्ही किनाऱ्यावरही होता. वॉलरस माणसांना पाण्याकडे ओढत होता. बंदूक चालव, असं शिकारी ओरडत होते. फ्लाहर्टीने ऐकू न आल्यासारखं केलं आणि कॅमेऱ्याचं हँडल फिरवत राहिला. चित्रात भाला हवा होता. बंदुका तर इथे कधीच्या आल्यात.

इग्लूचंही तसंच. आतलं चित्रीकरण करायचं म्हणून नेहमीच्या दुप्पट रुंदीचं घर बांधायला घेतलं. घुमट कोसळला, पुन्हा उभारला. तरी उजेड पुरेना, तेव्हा अर्धी भिंत काढून टाकली. पडद्यावर ऊबदार घरात झोपलेलं दिसणारं ते कुटुंब उघड्या वाऱ्यात कुडकुडतंय. तुम्ही कॅमेऱ्यामागे उभे आहात, म्हणून तुम्हाला ते दिसतं. या चित्रपटाचं सौंदर्य मी नाकारत नाही. मला सलतं ते एवढंच, की सोसणारे हात चौकटीबाहेर राहिले.

11 जून 1922. न्यूयॉर्क, कॅपिटॉल थिएटर. मऊ खुर्चीत तुम्हाला उकडतंय. पडद्यावर चित्रपटाचा नायक, शिकारी नानुक ग्रामोफोनची तबकडी दातांनी चावून बघतो आणि सभागृह खळखळून हसतं. तुम्हाला हसता येत नाही. त्याला ग्रामोफोन ठाऊक होता. त्याचं नाव नानुकही नव्हतं, तो अलाकारियालाक. श्रेयनामांच्या पाटीवर ते नाव शोधता, सापडत नाही. पुढे दोनएक वर्षांत तो गेला. जगाला सांगितलं गेलं, शिकारीच्या वाटेवर उपासमारीने. गावातली आठवण वेगळी आहे, घरीच, आजारपणात.

1955. इनुकजुआकच्या त्याच किनाऱ्यावर सरकारी जहाजात माणसं चढवली जातायत. त्यांत जोसेफी फ्लाहर्टी आहे, चित्रपटवाल्याचा मुलगा. बापाने त्याला कधी पाहिलं नाही. कुटुंबासह त्याला सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियॉर्डला नेतात. तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. या स्थलांतराची माफी कॅनडा सरकारने मागितली ती 18 ऑगस्ट 2010 रोजी, इनुकजुआकमध्येच.

त्या माफीआधी एकदा थांबा. 2001. झकारियास कुनुक या इनुइट दिग्दर्शकाचा ‘अतानारजुआत’ पाहायला बसलात. त्याला यंदा कानमध्ये पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार मिळालाय. संवाद इनुक्टिटुटमधले, कथा त्यांच्या आज्या-पणज्यांनी सांगितलेली. अडीच तासांहून जास्त वेळ कुणी तुम्हाला समजावून सांगत नाही, की हे लोक कोण. शेवटी श्रेयनामावली सुरू होते तेव्हा लोक उठायला लागतात. तुम्ही उठू नका. नावं वर सरकतायत, इनुइट नावं, एकामागून एक. मागे चित्रीकरणाच्या वेळची दृश्यं आहेत. आजच्या कपड्यांतली माणसं बर्फावर वावरतायत आणि घसरगाडीवर कॅमेरा बसवून ती ओढतायत.