सोफ्यातला धूर

आजचा विषय ऐकून हसू नका. विषय आहे सोफा. नेमकं सांगायचं तर सोफ्यात मुरलेला धूर.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी ओळखीच्या एकाकडून तीन सीटचा जुना सोफा घेतला. त्याच्या गच्चीवर, भर उन्हात बघितला. कापड स्वच्छ, वास काहीच नाही. टेम्पोत टाकला आणि घरी आणला. जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सिगरेट कोण ओढतंय रे घरात?" कोणीच नव्हतं ओढत. ओढायचा तो सोफ्याचा आधीचा मालक. कोणी बसलं की सोफा भस्सकन त्याचा जुना श्वास सोडायचा.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळेल. हा फक्त पावसाळ्यात दिसणारा बग होता. आणि डेडलाइन पक्की होती, कारण गणपतीनंतर ताई बाळंतपणाला माहेरी येणार होती.

मग मी वाचायला लागलो. धूर म्हणजे नुसता वायू नव्हे. त्यात डांबराचे अतिसूक्ष्म, चिकट कण असतात आणि ते जिथं पोचतात तिथं बसतात. निकोटिन तर कापड, लाकूड, भिंतीचा रंग सगळ्यांना धरून राहतं. कोरड्या उन्हात ते गप्प असतं. हवेत दमट वाढला की पाण्याचे रेणू त्याच जागांवर हक्क सांगतात आणि धुराचे रेणू सुटून हवेत येतात. म्हणून एप्रिलमध्ये सोफा निर्दोष, जूनमध्ये गुन्हेगार. गोष्ट नुसत्या वासाचीही नाही. २०१० साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या संशोधकांनी दाखवलं, की पृष्ठभागावर साचलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून कॅन्सरला कारण ठरू शकणारी रसायनं तयार करतं. रांगणारं पोर नेमकं तिथंच हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं.

खायचा सोडा रात्रभर पसरून ठेवला, सकाळी व्हॅक्यूम केला. व्हिनेगरचं पाणी फवारलं. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी पाहुणे आले, बसले, आणि वास परत हजर. एकानं ओझोन मशीन भाड्यानं आणायला सांगितलं. ते मी टाळलं. ओझोन फुप्फुसाला वाईट, रबर आणि फोमला वाईट, आणि निकोटिनशी त्याची क्रिया झाली की आणखी बारीक कण तयार होतात. एक वास घालवायला दुसरं दुखणं कशाला?

इथपर्यंत आल्यावर प्रश्न पडला: आपल्या पणज्यांना हा त्रास नव्हता का? त्यांच्या घरात धूर कमी होता असं कोण म्हणेल? चूल होती, शेगडी होती, विडी होती, देवघरात धूप. उसाच्या हंगामात गुऱ्हाळाचा धूर गावभर. पण बसायला काय होतं? बैठक. गादी, लोड, तक्के, वर पांढरा अभ्रा. अभ्रा मळला की धुवायचा. गादी उन्हात टाकायची. वर्षा-दोन वर्षांनी पिंजारी दारात यायचा, गादीची शिवण उसवायचा, पिंजणाच्या तातीवर कापूस मोकळा करायचा आणि परत भरायचा. म्हणजे बसायच्या वस्तूचा प्रत्येक थर उघडता यायचा. आम्ही ज्याला मेंटेनेबल डिझाइन म्हणतो आणि त्यावर मीटिंगा घेतो, ते त्या पिंजाऱ्याच्या खांद्यावर होतं.

गादी बसवलेली, खिळे ठोकून बंद केलेली खुर्ची आपल्याकडे आली ती साहेबी दिवाणखान्यातून. कोल्हापूरचा न्यू पॅलेस १८८४ चा, आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. त्या काळच्या राजवाड्यांतून आणि बंगल्यांतून कोच आला, मग हळूहळू वकील-डॉक्टरांच्या घरात. गंमत म्हणजे खुद्द साहेबाला धुराची ही अडचण माहीत होती. व्हिक्टोरियन घरांत तंबाखूसाठी वेगळी खोली असायची आणि ओढताना घालायचा मखमली कोटही वेगळा. धूर कोटाला लागू दे, बायकोच्या दिवाणखान्याला नको! आपण कोच घेतला, ती खोली काही घेतली नाही.

तरी त्या जुन्या कोचात घोड्याचे केस, काथ्या, कापूस असायचा. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधलं आणि १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात आला. हलका, स्वस्त, आकार धरणारा. आणि आत लाखो उघड्या पोकळ्या. बसलं की हवा बाहेर, उठलं की हवा आत. म्हणजे आपण दिवाणखान्यात एक भाता ठेवला, जो खोलीतली हवा दिवसभर आत ओढतो. फोम पिंजता येत नाही. धुता येतो म्हणतात, पण आठवडाभर पाऊस असताना तो वाळवून दाखवा!

माझं हे वाचन चालू असतानाच ८ ऑगस्टची रात्र आली. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागल्याचे व्हिडिओ फोनवर यायला लागले. आधी वाटलं जुनं काहीतरी फॉरवर्ड आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे नाट्यगृह १९१५ चं, मूळ नाव पॅलेस थिएटर. केशवराव म्हणजे ललितकलादर्श मंडळी काढणारे, ८ जुलै १९२१ च्या संयुक्त मानापमानात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर झालेले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचा जन्म ९ ऑगस्टचा. म्हणजे आग लागली ती जयंतीच्या आदल्या रात्री.

सकाळी मी गेलो. नागपंचमी होती. माणसं गप्प उभी होती, काही वयस्कर कलाकार उघड रडत होते. रंगमंच गेला, छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती उभ्या होत्या. शाळेच्या गॅदरिंगला मी त्याच रंगमंचावर मागच्या रांगेतला मावळा होतो, एवढंच माझं नातं. पण घसा दाटला, आणि तो नुसत्या धुरानं नव्हे.

घरी येऊन शर्ट धुतला. पहिल्या धुण्यात थोडा वास राहिला, दुसऱ्यात गेला. शर्ट दोरीवर टाकता टाकता सोफ्याकडे बघितलं आणि मग ठरवलं: बाहेरून फवारणं बस्स. याला उघडायचं.

गादी कारखान्यातल्या चाचांनी तळाचं कापड फाडलं आणि दोघंही मागं सरकलो. फोम चहासारखा पिवळा झालेला. चाचा म्हणाले, "दादा, ह्यात काय राम नाही. सांगाडा मात्र चांगलाय." फोम आणि कापड टाकून दिलं. सांगाडा साबणाच्या पाण्यानं पुसला, उघडीप मिळाली तेव्हा उन्हात ठेवला, आणि त्यावर लाखेचं पॉलिश चढवलं. लाख लाकडात मुरलेला वास आतच कोंडून ठेवते, हे चाचांना कुठल्याही लेखाशिवाय माहीत होतं. सीटवर कापसाच्या गाद्या घेतल्या आणि अभ्रे चेनचे, दोन जोड. फोमइतकं मऊ नाही, हे खरं. कापूस दबतो, मधूनमधून उलटापालटा करावा लागतो. आजीनं बसून बघितलं आणि म्हणाली, "ही तर आपली बैठकच की रं."

ताई आली. बाळ झालं. आणि मग खरा वाद पेटला, कारण आजीनं शेगडीत निखारे घातले. ओवा, वेखंड, लसणाची सालं. बाळाला धुरी द्यायची. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलेलं, बाळाजवळ कसलाच धूर नको. मी सोफ्याचं सगळं रामायण सांगितलं. आजी म्हणाली, "आमी पाच पोरं धुरीवर वाढवली, कुनाला काय झालं? तुझा तो सिगरेटचा धूर आनि माझा ह्यो एकच व्हय?"

फुप्फुसाला तो एकच, असं मी म्हणालो. तिला ते लागलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या पाच पोरांतला एक माझा बाप, हे मी विसरलो होतो. शेवटी ताईनंच मार्ग काढला. बाळ आतल्या खोलीत, दार बंद, आणि आजीची शेगडी परसात. तिथं ती तिच्या पद्धतीनं दृष्ट काढते, निखारे विझेपर्यंत बसते, हातपाय धुऊन लुगडं बदलते आणि मगच बाळाला घेते.

पहिल्या दिवशी मात्र ती लुगडं न बदलताच सोफ्यावर टेकली. दिवाणखान्यात ओव्याचा वास. ती उठल्यावर मी चेन उघडली, अभ्रे काढून बादलीत भिजवले आणि दुसरा जोड घातला. बाहेर पाऊस होता, वाळायला दोन दिवस लागले.