कॅलेंडुला (पुण्यातील घरबागेत)

कॅलेंडुला : (शास्त्रीय नाव कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस, कुल ॲस्टरेसी). हिवाळी हंगामातील वर्षायू फुलझाड. उंची ३० ते ६० सेंमी. मूलस्थान बहुधा भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश. दसऱ्याचा झेंडू याच कुलातला असला तरी प्रजाती निराळी (टॅजेटस) आणि मूळ मेक्सिकोकडचे. झेंडूचे पान पिसासारखे विभागलेले, कॅलेंडुलाचे अखंड, लांबट व किंचित चिकट.

बी : ज्याला आपण बी म्हणतो ते वस्तुतः कोरडे, एकबीजी फळ. एकाच फुलोऱ्यात त्याच्या तीन तऱ्हा आढळतात : बाहेरच्या वेढ्यातील लांब, चोचदार, मधली होडीसारखी, रुंद कडांची, आतली लहान व कडीसारखी वळलेली. पाठ खरबरीत. पुडीतली बारीक, वाकडी बियाणी पोचट समजून टाकून देण्याची चाल आहे. ती गैर, कारण तिन्ही रुजतात. बी धरते ते फक्त कडेच्या जिभेसारख्या पुष्पकांना. मधल्या पुष्पकांतून पराग मिळतो, बी नाही. सूर्यफुलात नेमके उलट असते. दुहेरी फुलाच्या बियांतून काही रोपे एकेरी निघतात, त्याचा दोष बी विकणाऱ्याला देऊ नये.

पेरणी : पुण्यात पाऊस ओसरला की, म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. एम्प्रेस गार्डनमध्ये ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाचे (स्थापना १८३०) पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते. तोवर कुंडी भरून फुललेली हवी, तर ऑक्टोबर उलटू देऊ नये. उगवणीला अंधार लागतो, म्हणून बियांवर सुमारे १ सेंमी माती पसरावी. एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. चार खरी पाने आली की रोपे २५ ते ३० सेंमी अंतरावर, किंवा आठ-दहा इंची कुंडीत एकेक लावावीत. माती निचऱ्याची हवी; शेणखत बेताने, नाहीतर पाला माजतो आणि कळ्या रुसतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकत असल्याने दक्षिणाभिमुख गॅलरी उत्तम. शेंडा एकदा खुडला की फुटवे येतात. पेरणीपासून साधारण दोन-अडीच महिन्यांत फूल. सुकलेली फुले काढत राहिल्यास बहर लांबतो.

रोग-कीड : मावा, नागअळी, भुरी.

हंगामअखेर : मार्चच्या उन्हात फुले लहान होतात, झाड पिवळे पडते. बियाण्यासाठी दोन-चार फुले न खुडता ठेवावीत. बियांचे कडे तपकिरी झाले की बिया गळण्याआधी काढून सावलीत वाळवाव्यात. पावसाळ्यातली ओल हा बियाण्याचा खरा शत्रू. कागदी पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

औषधी उपयोग : किरकोळ जखमा व त्वचेच्या दाहावर परंपरेने लावतात, परिणामकारकतेबाबत मतभेद आहेत.