अँथुरियम

अळू व सुरण यांच्या कुलातील (ॲरेसी) ही बहुवर्षायू व सदापर्णी शोभेची वनस्पती आहे. या प्रजातीत सु. १,००० जाती असून त्यांचे मूलस्थान मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेली उष्ण व दमट अरण्ये हे होय. अनेक जाती मोठ्या वृक्षांच्या खोडांवर किंवा पालापाचोळ्यात वाढतात. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्रिख शॉट यांनी १८२९ मध्ये प्रजातीला हे नाव दिले. ते ‘फूल’ व ‘शेपूट’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून आले आहे. बाजारात ज्याला फूल म्हणतात तो तकतकीत, हृदयाकृती भाग म्हणजे महाछद. त्यातून वर आलेल्या शेपटीसारख्या स्थूलकणिशावर खरी, अगदी बारीक फुले दाटीने असतात.

इतिहास : सर्वांत जास्त लागवडीत असलेली जाती अँथुरियम अँड्रिएनम ही फ्रेंच उद्यानतज्ञ एदुआर आंद्रे यांना १८७६ मध्ये कोलंबियात आढळली. बेल्जियममधील प्रसिद्ध रोपवाटिकाधारक लिंडेन यांच्यामार्फत ती यूरोपात पोहोचली व तिला आंद्रे यांचे नाव मिळाले. तेथील थंडीत ती केवळ तापविलेल्या काचगृहांत जगू शकली. त्यामुळे प्रारंभी ती धनिकांच्या हौसेची वस्तू राहिली. सॅम्युएल डेमन यांनी १८८९ मध्ये लंडनहून ती हवाई बेटांत नेली. तेथील वृक्षनेच्यांची सावली, वारंवार पडणारा पाऊस व ज्वालामुखीजन्य सच्छिद्र खडी हे तिला मूळ अरण्यासारखेच ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरामागील बागांतून तिचा मोठा व्यवसाय उभा राहिला. हवाई विद्यापीठाने १९५० पासून संकर-पैदाशीचे काम हाती घेतले. मात्र १९८० नंतरच्या दशकात झँथोमोनस सूक्ष्मजंतूमुळे होणाऱ्या करपा रोगाने तेथील बागांची फार हानी केली व अनेक लहान बागाइतदारांना हा व्यवसाय सोडावा लागला.

दरम्यान नेदर्लंड्समध्ये १९७० नंतरच्या दशकात पीरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतक संवर्धनाने रोपे वाढविण्याची पद्धत विकसित केली. बियांपासून आलेली रोपे एकसारखी निघत नाहीत व फुलण्यास दोन-तीन वर्षे लागतात. ऊतक संवर्धनामुळे एकाच वाणाची असंख्य रोपे मिळू लागली व फुलांच्या जागतिक व्यापारात या वनस्पतीला स्थान मिळाले. भारतात केरळ, कर्नाटकाचा डोंगराळ भाग व ईशान्येकडील राज्ये येथे तिची लागवड होते. मिझोराममध्ये ती या शतकाच्या प्रारंभी रुजली व रेइएक येथे तिच्या नावाने उत्सवही भरू लागला. महाराष्ट्रात कोकणची दमट हवा तिला त्यातल्या त्यात अनुकूल आहे.

लागवड : हिला साधारण ७५–८० टक्के सावली, ७०–८० टक्के आर्द्रता, दिवसा २५°–२८° से. व रात्री १८°–२०° से. तापमान मानवते. तापमान १५° से.च्या खाली गेल्यास वाढ मंदावते. साध्या मातीत मुळे गुदमरून कुजतात. म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व विटांचे तुकडे यांचे सच्छिद्र मिश्रण वापरतात. ते ओलसर ठेवतात. पण पाणी साचू देत नाहीत. पाण्यात क्षार कमी असावे लागतात. खत सौम्य प्रमाणात, पण वारंवार देतात. बुंध्याशी फुटलेली मुळांसकटची पिले वेगळी करूनही अभिवृद्धी करता येते. एका झाडापासून वर्षाला सु. ६–८ फुले मिळतात. स्थूलकणिशाचा सु. दोन-तृतीयांश भाग रंग बदलल्यावर ती काढतात. फुलदाणीत ती दोन-तीन आठवडे टिकतात. वनस्पतीच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे स्फटिक असल्याने ती चघळल्यास तोंडाची आग होते. म्हणून मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावी.

निफाडची परिस्थिती : नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका द्राक्षे व कांदा यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील कोरडी हवा व स्वच्छ ऊन द्राक्षाला मानवते. जी आर्द्रता अँथुरियमला हवी, तीच द्राक्षवेलीवर केवडा रोग आणते. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा निफाडला होते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा २° से.च्याही खाली गेला होता. अशा रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून मणी वाचवावे लागतात. सावलीची जाळी दुपारचे ऊन अडविते, पण रात्रीची थंडी अडवीत नाही. त्यामुळे केवळ जाळीगृहात लावलेले अँथुरियम येथे हिवाळ्यात टिकणे कठीण. बंदिस्त हरितगृहात हिवाळ्यात ऊब, तर चैत्र-वैशाखात गारवा व ओलावा पुरवावा लागतो, आणि हा दुहेरी खर्च फुलांच्या दरातून निघाला पाहिजे. कर्ज काढून लागवड करू पाहणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब रोपांच्या किंमतीआधी मांडणे श्रेयस्कर. घरगुती हौसेसाठी मात्र कुंडीतील झाड पावसाळ्यात पडवीत व थंडीत घरात ठेवल्यास चांगले राहते.

अँथुरियमचा प्रसार जेथे झाला, तेथे अरण्यातील सावली व ओल आधीच होती किंवा मुद्दाम निर्माण करावी लागली. यूरोपातील काचगृहे ही याची पहिली साक्ष होय, तर निफाडची थंडी त्याच नियमाची जवळची आठवण करून देते.